गनिमी छाप्याचा अभ्यास परतीच्या वाटेवरून कसा करावा

सतराव्या शतकातील एखादा छापा समजून घ्यायचा असेल, तर लूट किती मिळाली यापेक्षा ती घेऊन स्वार परतले कसे, हे आधी शोधावे. चपळ घोडदळाला बेसावध पेठ गाठणे फारसे जड जात नसे. लादलेली जनावरे हाकत, पाठीवरच्या फौजेला चुकवून डोंगराचा आसरा गाठणे, यात खरे कसब होते.

नमुना म्हणून 1681 च्या आरंभीचा बुऱ्हाणपूरचा छापा घ्यावा. मराठ्यांचे सरनौबत हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने या मोगल शहराच्या तटाबाहेरील बहादुरपुरा ही पेठ लुटली. कोऱ्या कागदावर प्रथम तापी, सातपुडा आणि अजिंठ्याची रांग काढावी. रेल्वे आणि महामार्ग मुळीच काढू नयेत, कारण ते दिसले की मन आपसूक भुसावळ-जळगावच्या वाटेला लागते. मग बुऱ्हाणपूर, फर्दापूर, एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर, धरणगाव, चोपडा आणि साल्हेरचा किल्ला ही ठिकाणे नोंदवावीत.

आता पाठलाग करणाऱ्याच्या बाजूने पाहावे. औरंगाबादेहून निघालेला मोगल सुभेदार खानजहान बहादूर फर्दापूरच्या घाटाशी काही प्रहर रेंगाळला आणि डावीकडे धरणगाव-चोपड्याची वाट अडवण्याऐवजी उजवीकडे एदलाबादेकडे वळला, असे फारसी वृत्तांत सांगतो. मराठे तेवढ्यात चोपड्यावरून साल्हेरकडे निघून गेले. त्याने लाच घेतल्याचा आरोपही तेथे आहे. तो आरोप म्हणूनच नोंदवावा, कारण अपयशामागे फितुरी शोधण्याची दरबारी लेखकांना खोडच असते.

साल्हेर 1671 पासून मराठ्यांकडे होता, ही नोंद विसरू नये. जवळ हक्काचा किल्ला नसता, तर एवढ्या लांब पल्ल्याचे धाडस परवडले नसते. तुलनेसाठी 1670 चा प्रसंग पाहावा. सुरतेची लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखानाने वणी-दिंडोरीजवळ गाठले, तेव्हा लूट पुढे काढून देऊन पिछाडीच्या फौजेने उघड्यावर झुंज दिली. गनिमी कावा म्हणजे लढाई टाळणे, हा समज तेथे टिकत नाही.

तारखा जुळवताना इंग्रज वखारींच्या पत्रांतील तारीख आजच्या गणनेपेक्षा 10 दिवस मागे असते, हे ध्यानात ठेवावे. तापी पायी ओलांडण्याच्या जागा, म्हणजे उतार, प्रत्यक्ष पाहायला गेल्यास मुक्ताईनगरच्या बाजूचे भरलेले पात्र प्रमाण मानू नये. तो हतनूर धरणाचा फुगवटा आहे.