गावात नवीन सेवा रुजवायची कशी? किनाऱ्यावरच्या सरपंचांसाठी

माझी सगळी नोकरी वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात कर्जप्रकरणं तपासण्यात सरली. आता गावोगावचे सरपंच विचारतात, "पर्यटनात काहीतरी नवीन करायचंय, कुठली योजना आहे?" मी म्हणतो, योजनेचं नंतर बघू. आधी गावात कोण काय करू बघतंय आणि ते कुठल्या कागदावर अडलंय, ते शोधा.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडी उघडी पडली की बायका तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला उतरतात. वाळूत बारीक भोकं दिसली की बोटं खुपसायची, तिसरी आत सरकायच्या आत उचलायची. एखादीच्या मनात येतं की चार पाहुण्यांना सोबत न्यावं, त्यांनीच काढलेल्या तिसऱ्यांचं सुकं करून वाढावं आणि माणशी पैसे घ्यावेत. धंदा चोख आहे. पण तिने अर्ज कुठे करायचा? हे हॉटेल नाही, जलक्रीडा नाही, धड मासेमारीही नाही. फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'यंत्रसामग्रीचे कोटेशन जोडावे'. तिची यंत्रसामग्री म्हणजे एक टोपली.

यात टेबलापलीकडच्या माणसाचा दोष थोडा. आपली धोरणंच कारखान्याकडे बघून बेतलेली. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म उद्योगाची गुंतवणुकीची मर्यादा उत्पादनाला एक आणि सेवेला दुसरी होती. ती एकसारखी व्हायला 1 जुलै 2020 उजाडला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही कर्ज-अनुदानाची योजना, तिच्या प्रकल्प खर्चाच्या मर्यादा 2022 मध्ये वाढवल्या, तेव्हाही उत्पादनाच्या प्रकल्पाला 50 लाख आणि सेवेला 20 लाख. जीएसटीची नोंदणी माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीनंतर, सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतरच. हे ग्रामपंचायतीतून बदलणार नाही. आमदार-खासदार भेटतील तेव्हा रस्त्याच्या जोडीने हेही त्यांच्या कानावर घाला.

तुमच्या हातात आहे ती एका हंगामाची परवानगी. ग्रामसभेत ठराव करा आणि त्यात स्पष्ट लिहा: सेवा कोण देणार, खाडीच्या कुठल्या भागात, एका वेळी किती माणसं, भरती लागायच्या किती आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, दर काय, काही झालं तर जबाबदारी कोणाची, विमा कोण काढणार. मुदत मे अखेरपर्यंत. अर्जावर किती दिवसांत उत्तर देणार, तेही ठरावातच घाला, नाहीतर हंगाम निघून जातो आणि अर्ज कपाटात राहतो. हा काही माझ्या डोक्यातला नवा शोध नाही. रिझर्व्ह बँकेने 2019 पासून पैशांच्या व्यवहारातल्या नव्या सेवांसाठी हीच वाट काढली आहे: मोजके ग्राहक, ठरावीक मुदत, वर देखरेख. बँकेला चालतं ते आमच्या खाडीला का चालू नये?

मात्र सूट कुठे द्यायची नाही तेही पक्कं ठेवा. होडीत पाहुणे बसवायचे तर मेरीटाईम बोर्डाचा परवाना आणि अंगात लाईफ जॅकेट हवंच. तिथे ग्रामसभेने मोठेपणा दाखवू नये. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, भीती मात्र बरेचदा उगाच घातली जाते. 2019 च्या अधिसूचनेत स्थानिकांना, मच्छीमारांनासुद्धा, असलेल्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे. जोत्याचं क्षेत्र, घराचा आराखडा आणि दर्शनी भाग बदलायचा नाही, एवढीच अट. त्या परिच्छेदाची प्रत काढून पंचायतीच्या बोर्डावर लावा. अर्धे एजंट घरी बसतील.

पैसा कशात घालायचा हे बघायला लांब जायला नको. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. 2017 च्या सुमारास हे सुरू झालं, पाठीशी वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम होता. इथे इमारत नाही. आहे ती होडी, जॅकेट, आणि कुठलं झाड कुठलं, ते बोलून दाखवायची तयारी. पुढे राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत गटाने 10 टक्के घालायचे आणि सरकारने 90, असं सूत्र आलं. ते 10 टक्के कुणी नेता भरून द्यायला निघाला तर नको म्हणा. स्वतःचा पैसा अडकला की बायका पावसाळ्यात होडीला ताडपत्री घालतात. ग्रामपंचायतीने आपला पैसा घालावा तो सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टींत: स्वच्छ संडास, कपडे बदलायला आडोसा, जेटीवर दिवा.

आता नकलेचं. एकाने नवीन काही सुरू केलं आणि चाललं, की पुढच्या हंगामात शेजारचे चौघे तेच करणार आणि दर पाडणार. सेवेला कुंपण घालता येत नाही. नक्कल थांबवायच्या फंदात पडू नका, तिला शिकवण जोडा. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा (पाण्याखाली बुडी मारायचं) प्रशिक्षण केंद्र आहे. माझ्या मते अनुदानाच्या दहा फायलींपेक्षा असलं एक केंद्र किनाऱ्याला जास्त देतं, कारण शिकलेला मुलगा उद्या स्वतःचं वेगळं काहीतरी काढतो. गावपातळीवर एवढं तरी करा: पहिल्या माणसाला मानधन देऊन बाकीच्यांना शिकवायला लावा, आणि शिकल्याशिवाय परवानगी देऊ नका.

खोल्या किती वाढल्या हे मोजत बसू नका, ते वरचे लोक मोजतातच. तुम्ही वहीत तीन गोष्टी टिपा: परत आलेले पाहुणे, तक्रारी, आणि जून ते ऑगस्टमध्ये सेवेतून घरात काही आलं का.

वेळापत्रक असं ठेवा. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा अर्ज मागवा. मुंबईत हॉटेलात, बँकेत काम करणारी मुलं फुकट सल्ला देतात. दिवाळीआधी ठराव करा. आढावा जूनमध्ये घ्या, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं मोकळी. त्या बैठकीला ज्यांचं चाललं त्यांना बोलवालच. पण ज्यांनी मार्चमध्ये बंद केलं त्यांच्या घरी शिपायाला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा आणि पहिली खुर्ची त्यांना द्या.