नाशिकच्या उन्हात इन्फ्रारेड फिल्म: एक्स्पोजर कसे ठरवावे आणि रोल कसा धुवावा

कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म हाती घेणाऱ्या नवख्या छायाचित्रकाराला "फिल्टर लावा आणि कॅमेऱ्याचे मीटर सांगेल तसे करा" असा सल्ला हमखास मिळतो, आणि त्याचे पहिले दोन-तीन रोल वाया जातात तेही बहुधा याच सल्ल्यामुळे. मीटर मोजते तो प्रकाश आणि या फिल्मवर चित्र उमटवणारा इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश एकच नसतो, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. साधा कृष्णधवल रोल घरी धुता येणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. बाकीच्यांनी आधी साध्या फिल्मवर हात बसवावा.

फिल्म रोलाय इन्फ्रारेड ४०० घ्यावी, कारण ती सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपते. इलफर्ड एसएफएक्स २०० चांगली असली तरी तिची मजल ७४० च्या आसपास संपते. जुन्या छायाचित्रांत दिसणारी ती धूसर प्रभा कोडॅकच्या एचआयई फिल्मची होती. ती फिल्म २००७ साली बंद झाली. तिच्यात प्रकाशाचे परावर्तन रोखणारा थर नव्हता, आजच्या फिल्ममध्ये तो असतो, म्हणून त्या प्रभेची अपेक्षा ठेवू नये.

फिल्टर आर ७२, म्हणजे साधारण ७२० नॅनोमीटरच्या खालचा दृश्य प्रकाश अडवणारा, आणि दुसरा कोणताही नाही. मला एका विक्रेत्याने "जितका गडद तितका परिणाम जास्त" असे सांगून ८५० चा फिल्टर दिला होता आणि तो लावून काढलेला अख्खा रोल कोरा निघाला. जिथे फिल्मची नजर संपते तिच्याही पलीकडे तो फिल्टर उघडतो, हे मला त्यानंतर कळले. तो फिल्टर इन्फ्रारेडसाठी बदल करून घेतलेल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी ठीक आहे, या फिल्मसाठी निरुपयोगी आहे.

रोल पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगेत भरावा आणि तसाच काढावा. या फिल्मचा आधार पारदर्शक पॉलिएस्टरचा असतो, आणि बाहेर राहिलेल्या टोकातून शिरलेला उजेड नळीतून पाणी जावे तसा रिळाच्या आत पोहोचतो. "सावलीत भरले तरी चालते" हे ऐकू नये.

हंगाम ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा. पावसाने हवा धुतलेली असते, आकाश गडद निळे असते, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या उतारांवर हिरवळ टिकून असते. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा मात्र डिसेंबरात पाने भरली की घ्याव्यात. टवटवीत पान इन्फ्रारेड प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते, म्हणून ते चित्रात पांढरे दिसते. १९१० साली अशी छायाचित्रे प्रसिद्ध करणारे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या नावावरून याला वुड परिणाम म्हणतात, त्याचा लाकडाशी काही संबंध नाही. मे महिन्यातील वाळलेल्या गवतावर रोल खर्च करू नये.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, चौकट आणि फोकस फिल्टरशिवाय ठरवावेत, मग लेन्सवरील इन्फ्रारेडच्या लाल खुणेपाशी ते अंतर सरकवून घ्यावे, छिद्र एफ/११ ठेवावे आणि शेवटी फिल्टर चढवावा.

आता एक्स्पोजर. फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या आतील मीटर पाहणे निव्वळ चूक आहे. त्या मीटरचा सेल वेगळ्या लहरींना प्रतिसाद देतो आणि फिल्म वेगळ्या. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात तो सेल निराळा असतो, त्यामुळे मित्राच्या कॅमेऱ्यावर जमलेली युक्ती आपल्या कॅमेऱ्यावर जमत नाही. मीटर फिल्टरशिवाय वापरावे किंवा हातात धरायचे वेगळे मीटर घ्यावे, आणि त्यावर फिल्मची गती (आयएसओ) ४०० नव्हे तर ६ आहे असे मानून सुरुवात करावी. भर उन्हात याचा अर्थ एफ/११ ला साधारण १/१५ सेकंद असा होतो. त्याच दृश्याच्या आणखी दोन चौकटी १/३० आणि १/८ ला घ्याव्यात, म्हणजे ३६ चौकटींच्या रोलमध्ये बारा दृश्ये होतात. हे महाग वाटते, पण पहिल्या दोन रोलांवर ही काटकसर करू नये.

हा आकडा दिवसभर तसाच राहत नाही. सूर्य खाली असताना प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यातील निळा भाग विखुरला जातो आणि दृश्य प्रकाशाच्या मानाने इन्फ्रारेडचा वाटा वाढतो. म्हणून सकाळी मीटर सांगते त्यापेक्षा फिल्मला अधिक प्रकाश मिळतो. ढग आले की उलट घडते. निळ्या आकाशाखालच्या सावलीत तर इन्फ्रारेड जवळपास नसतोच. गोदाघाटावर उन्हातल्या पायऱ्या आणि नारोशंकराच्या देवळाची सावलीतली बाजू एकाच चौकटीत घेतली, तर मीटर काहीही म्हणो, सावलीची बाजू काळी पडते. पांडवलेण्यांच्या दालनांतील अंधार या फिल्मवर उघडता येत नाही. तिथे ऊन पडलेला दर्शनी भागच घ्यावा. प्रत्येक चौकटीची वेळ, ऊन कोणत्या बाजूने होते ते आणि शटर वहीत लिहावे. ही वही नसेल तर पुढचे सर्व व्यर्थ आहे.

धुताना डेव्हलपरसोबत आलेल्या कागदावरील वेळ २० अंशांना पाळावी आणि ती बदलू नये. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी तीस अंशांच्या वर जाते, तेव्हा पिशवीत बांधलेला बर्फ घातलेल्या परातीत सर्व बाटल्या एकाच तापमानाला आणाव्यात. फिक्सर, मग धुणे नेहमीप्रमाणे. बोअरवेलचे पाणी असेल तर शेवटचे खळबळणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावे, नाहीतर क्षारांचे डाग राहतात.

वाळलेली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून वाचणे हा माझा सर्वांत मोठा अडथळा होता. माझे पहिले तीन रोल फिके आले आणि डेव्हलपिंग कमी पडले असे समजून मी दर वेळी वेळ वाढवत गेलो. आकाश कोरेच राहिले, पाने मात्र इतकी दाट झाली की त्यांतला तपशील बुजला. उत्तर फिल्मच्या कडेला होते. तेथील आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या शटरशी त्यांचा संबंध नसतो. आकडे ठसठशीत आणि चित्र फिके, तर एक्स्पोजर कमी पडले आहे. आकडेही फिके, तर डेव्हलपिंग कमी पडले आहे. माझ्या तिन्ही रोलांवर आकडे काळेभोर होते आणि मी वर्षभर भलत्याच टोकाला दुरुस्ती करत होतो.

हे स्कॅनवरून ठरवू नये, कारण स्कॅनरचे सॉफ्टवेअर फिक्या निगेटिव्हलाही आपोआप उजळून देते आणि चूक झाकते. तीन चौकटींपैकी ज्या चौकटीत पान सर्वांत दाट असूनही त्याच्या शिरा दिसतात आणि उन्हातल्या खडकाचा पोत पुसला गेलेला नाही, ती निवडावी आणि वहीत तिच्यासमोर खूण करावी. माझ्या कॅमेऱ्यासाठी नोव्हेंबरातील दहा ते दोनच्या उन्हाला गती ६, गंगापूर धरणाच्या काठावरील सकाळच्या आठच्या उन्हाला १२ आणि पातळ ढगांना ३ हे आकडे ठरले आहेत, आणि आता मी एका दृश्याच्या तीनऐवजी दोनच चौकटी घेतो.