हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय? आधी तिची प्रत काढा

लॅपटॉप सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, एखादं फोल्डर उघडलं की सगळं गोठतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते पण वाचन मात्र सेकंदाला जेमतेम काही केबी. अशा वेळी मामेभाऊ, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि यूट्यूब सगळे एकच सांगतात: चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी कमांड, चालव. कृपा करून चालवू नका.

चेकडिस्कचं काम तुमच्या फाइली वाचवणं नाही, फाइलींच्या नोंदवहीचा मेळ घालणं आहे. त्यासाठी ती डिस्कवर लिहिते. ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या छाटते आणि उरलेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. त्यांना ना नाव असतं ना ठिकाण. सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, तपासण्याचा पर्याय लावला तर ती सगळी डिस्क तासन्‌तास वाचत बसते. म्हणजे डिस्कमध्ये जी काही धुगधुगी उरली होती ती तपासणीतच खर्ची पडते, आणि तुमच्या हातात एकही फाइल येत नाही.

डीफ्रॅगही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) नको आणि विंडोज नव्याने टाकणंही नको. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तो तर मुळीच ऐकू नका. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. आतल्या तबकड्या आणि त्यांवर तरंगणारं हेड यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. कोकणातल्या दमट हवेत त्या अंतराचं काय होईल याचा विचार करा.

पहिलं काम: कान लावा

लॅपटॉप चालू करून डिस्कच्या बाजूला कान लावा. ठरावीक लयीत टिक-टिक, खरखर, किंवा मोटर फिरायचा आवाजच नाही, असं काही असेल तर लगेच बंद करा. पुढचं काहीही घरी करायचं नाही. हे काम धूळमुक्त कक्षात डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे. स्वतः स्क्रू काढून आत डोकावू नका. आणि डेटा महत्त्वाचा असेल तर "एकदा चालू करून बघतो" असंही करू नका.

दुसरं: पाच मिनिटं स्मार्ट बघा

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा आणि चारच ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. यांपैकी कुठलाही आकडा शून्याच्या वर असेल आणि लॅपटॉप वर सांगितल्यासारखा वागत असेल, तर निदान झालं. हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात, तेव्हा तिथे १० दिसले तर ते सोळा समजा. चौथी ओळ सी७. फक्त तोच आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. लॅपटॉपमधली पातळ पट्टीसारखी केबल काढून नीट बसवा किंवा बदला. वर निळ्या रंगात "गुड" लिहिलंय म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. अडखळणारी डिस्कसुद्धा बरेच दिवस "गुड" दाखवते.

तिसरं: बिटलॉकरची किल्ली

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधी लिहून घ्या. ती नसेल तर काढलेली प्रत उघडणारच नाही.

चौथं: सेक्टरनिहाय प्रत

खरं काम हे. फाइली ओढून पेनड्राइव्हवर टाकणं इथे चालत नाही. खराब सेक्टर लागला की विंडोज तिथेच डोकं आपटत राहतं, आणि चांगला भाग वाचायच्या आधीच डिस्क दमते. ग्नू डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं साधन नेमकं उलट करतं: जे सहज वाचलं जातं ते आधी उचलतं, अवघड जागा ओलांडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतं. सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवर ते तयार मिळतं. उबुंटूवर टाकायचं असेल तर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू.

बिघडलेली डिस्क शक्यतो लॅपटॉपमध्येच राहू द्या आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. डिस्क काढून स्वस्त यूएसबी अडॅप्टरला जोडली की खराब सेक्टरवर अडॅप्टरच अडकतो आणि डिस्क मधूनच गायब होते. बाहेरून जोडायची ती प्रत घेणारी डिस्क. ती जुनीपेक्षा मोठी घ्या, आणि आकार वेगळाच घ्या: ५०० जीबीसाठी १ टीबी. जोडलेल्या डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके कमांड दिल्यावर कुठली डिस्क कोणती हे आकारावरूनच कळलं पाहिजे. दोन सारख्या डिस्क जोडून मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कने भरलेली डिस्क पुसली जाते. त्यावर इलाज नाही. म्हणून मी डिस्कवर डिस्क उतरवत नाही, इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची प्रत असलेली एकच मोठी फाइल, बनवतो. बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

कमांडमधला क्रम असा: डीडीरेस्क्यू, मग डॅश एन (अवघड जागा आत्ता खरवडू नको, ही सूचना), मग बिघडलेली डिस्क, मग इमेजची फाइल, आणि शेवटी मॅपफाइल.

आता या मॅपफाइलबद्दल. कुठला भाग वाचून झाला आणि कुठला राहिला, याची नोंद तिच्यात असते. कमांडमध्ये ती लिहिली नाही तरी प्रोग्रॅम चालतो, म्हणून पुष्कळ लेखांत तिचा उल्लेखही नसतो. मी ती लिहिली होती, पण चुकीच्या जागी. सांगलीतल्या एका डीटीपीवाल्या मित्राचा लॅपटॉप होता. दिवाळी अंकाची १४४ पानं, म्हणजे सोळा पानी ९ फर्मे, लावून झालेली. मॅपफाइल मी होम फोल्डरमध्ये ठेवली. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचं होम फोल्डर रॅममध्ये असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पहाटे वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली होती. वीज आल्यावर इमेज जागेवर होती, नोंद मात्र नव्हती, म्हणून पहिल्या सेक्टरपासून पुन्हा वाचायला लागलो. दुसऱ्या फेरीत थोडं अंतर गेल्यावर डिस्कने टिक-टिक सुरू केली आणि ती पुन्हा उठलीच नाही. मित्राने ती पानं हस्तलिखितांवरून पुन्हा लावली. मी शेजारी बसून मुद्रितं वाचत होतो.

तेव्हा मॅपफाइल इमेजच्या शेजारी, बाहेरच्या डिस्कवरच ठेवा. मग वीज जाऊ दे, तीच कमांड तशीच दिली की काम थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर उत्तम.

काम चालू असताना पडद्यावर "शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला" ही ओळ बघत राहा. वेग केबीवर घसरला तरी घाबरू नका, प्रोग्रॅम ती जागा ओलांडतो. पण तो वेळ मिनिटामिनिटाने वाढत चालला आणि आवाज बदलला, तर कंट्रोल सी दाबून थांबवा, लॅपटॉप बंद करा आणि डिस्क गार होऊ द्या. नंतर डॅश मोठा आर लावून उलट्या दिशेने वाचायला सांगा. पुढून अडलेली जागा मागून पुष्कळदा सर होते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हे काम करत असाल तर लॅपटॉप उंचावर ठेवा आणि टेबल फॅनचा झोत त्याच्या पोटाखाली सोडा.

पहिली फेरी संपली की डॅश एन काढा, डॅश डी (डिस्क थेट वाच) आणि डॅश लहान आर ३ (तीनदा प्रयत्न कर) लावा आणि उरलेल्या जागा तीनदा वाचून बघा. यापुढे ताणू नका. ५०० जीबीतला ०.१ टक्का राहिला तर तो ५०० एमबी झाला, आणि त्यातला बराच भाग मुळात रिकामा असू शकतो.

पाचवं: इमेजमधून फाइली

इमेजची आणखी एक प्रत करा आणि सगळे प्रयोग तिच्यावरच करा. चेकडिस्कसुद्धा आता खुशाल चालवा. फोल्डर दिसत नसतील तर ते शोधणारं टेस्टडिस्क, तेही नाही जमलं तर फाइली हुडकून काढणारं फोटोरेक. फोटोरेक फाइली परत देतं, त्यांची नावं नाही.

लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवा. घ्यायच्या आधी जाडी बघा: ७ मिमीची एसएसडी ९.५ मिमीच्या जागेत सैल बसते, सोबतची चौकट लागते. विंडोज कोरं टाका, जुनं उचलून आणू नका. मराठी काम करणाऱ्यांनी इमेजमधून फॉन्टचं फोल्डरही काढून घ्यावं. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये लावलेली पानं सुखरूप आली तरी फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत. जुनी डिस्क मालकाच्या हातात द्या. त्याने स्वतः दहा-वीस फाइली उघडून बघितल्याशिवाय ती कुणालाही फेकू देऊ नका.