आई-बाबांसाठी अमेरिकेत मार्केटप्लेसचा इन्शुरन्स घेताय? या चुका टाळा (आमच्या करून झाल्यात)

ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांना आपल्या कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये घालता येत नाही, हे बऱ्याच जणांना ते एअरपोर्टवर उतरल्यावरच कळतं. कंपनीच्या प्लॅनमध्ये नवरा-बायको आणि मुलं, बास. मेडिकेअर (६५ च्या पुढच्यांचा सरकारी इन्शुरन्स) म्हणाल तर नवीन ग्रीन कार्डवाल्याला ६५ वर्षं पूर्ण असली तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय ते विकतसुद्धा मिळत नाही. मग उरतं मार्केटप्लेस, म्हणजे खाजगी कंपन्यांचे प्लॅन मिळतात ती सरकारी साइट, जिला सगळे ओबामाकेअर म्हणतात. तिथे डायबेटिस आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, प्रीमियमही त्यासाठी वाढवता येत नाही (हे २०१४ पासून), त्यामुळे साठी-सत्तरीच्या माणसांसाठी हाच खरा रस्ता आहे.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझे आई-बाबा ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगलीहून आले, बाबा ६८, आई ६३. त्यांचा फॉर्म भरताना मी जेवढ्या चुका केल्या त्यातल्या निम्म्या एकाच कारणाने झाल्या: मी तो फॉर्म आपल्याकडच्या मेडिक्लेमसारखा भरत होते आणि तो निघाला टॅक्स रिटर्नचा सख्खा भाऊ. त्यात तब्येतीबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाहीत, पण तुमच्या घरात कोण कोणाच्या रिटर्नवर आहे आणि कोणाला किती उत्पन्न आहे हे मात्र खोदून खोदून विचारतात.

"दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू"

परदेशातून अमेरिकेत कायमचं राहायला आलं की ६० दिवसांची स्पेशल एनरोलमेंट (प्लॅन घ्यायची खास मुदत) मिळते, आधी कुठला इन्शुरन्स असण्याची अट नसते. पण कव्हर साधारण प्लॅन निवडल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतं, मागच्या तारखेने नाही. ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरला असता तर १ नोव्हेंबरपासून सुरू झालं असतं. आम्ही जेट लॅग, मग फराळ, मग पाहुणे असं करत डिसेंबर उजाडवला आणि दोन महिने दोघंही बिनाइन्शुरन्सची. काही झालं नाही हे नशीब, पण बाबा बर्फ बघायला कोलोराडोला जाऊया म्हणत होते तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा.

ही खिडकी हुकली तर नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटची, म्हणजे सगळ्यांसाठी वर्षातून एकदा उघडणाऱ्या मुदतीची, वाट बघायची. ती १ नोव्हेंबरला सुरू होते, १ जानेवारीपासून कव्हर हवं असेल तर १५ डिसेंबरच्या आत प्लॅन निवडायचा. २०२६ च्या प्लॅन्ससाठी फेडरल साइटवर (हेल्थकेअर डॉट गव्ह) १५ जानेवारीपर्यंत मुदत होती, पण २०२७ च्या प्लॅन्सपासून १५ डिसेंबरलाच दार बंद, त्यामुळे जानेवारीत बघू ही सवय आत्ताच सोडा.

आणि व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्यांना हे लागू नाही, मार्केटप्लेस इथे राहणाऱ्यांसाठी आहे.

चुकीच्या साइटवर नंबर देणं

नवऱ्याने गूगलवर ओबामाकेअर टाकलं, पहिल्या लिंकवर क्लिक केलं, झिप कोड आणि फोन नंबर भरला, आणि पुढच्या वीस मिनिटांत त्याला सहा-सात फोन. ती सरकारी साइट नव्हतीच, नंबर गोळा करून एजंटांना विकणारी होती. पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह आहे का ते आधी बघायचं. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, ओहायो वगैरे हेल्थकेअर डॉट गव्हवर आहेत. न्यू जर्सीचं गेट कव्हर्ड एनजे, कॅलिफोर्नियाचं कव्हर्ड कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनियाचं पेनी, जॉर्जियाचंही २०२५ पासून स्वतःचं झालंय. राज्यांच्या साइट्सचे पत्ते नेहमी डॉट गव्हच असतील असं नाही, म्हणून सरळ हेल्थकेअर डॉट गव्हवर जाऊन आपलं राज्य निवडायचं, ते योग्य ठिकाणी पाठवतात.

फोनवरचे लोक स्वस्तात जे विकतात ते बऱ्याचदा शॉर्ट टर्म प्लॅन नाहीतर दिवसाला ठरावीक रक्कम देणारे प्लॅन असतात. आधीपासूनचे आजार त्यात धरत नाहीत. "मॅम, सेम अ‍ॅज ओबामाकेअर" असं म्हणाला की फोन ठेवायचा.

अकाउंटच उघडत नाही

ओळख पटवण्यासाठी साइट क्रेडिट हिस्टरीवरून प्रश्न विचारते, जुना पत्ता कुठला, कुठल्या कंपनीचं कार लोन होतं असे. माझे बाबा बँकेतून रिटायर झालेत. आयुष्यभर लोकांना लोनं दिली, स्वतः एकही काढलं नाही, आणि अमेरिकेत येऊन सहा आठवडे झालेत, त्यांची क्रेडिट हिस्टरी कुठून असणार? मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा फेल. यात तुमचं काही चुकत नाही आणि परत परत करून काही होतही नाही. स्क्रीनवर एक रेफरन्स कोड येतो तो लिहून ठेवा, आणि एकतर पासपोर्ट, ग्रीन कार्ड अपलोड करा नाहीतर १-८००-३१८-२५९६ वर फोन लावून अर्जच फोनवर भरा. दुभाषा फुकट मिळतो. फोनवर आई-बाबांना शेजारी बसवा, त्यांनी स्वतः 'हो, माझी मुलगी बोलली तर चालेल' असं सांगावं लागतं, बाबांनी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडची बाई दचकली असणार.

ग्रीन कार्डवरचे दोन नंबर

ही चूक क्षुल्लक वाटते पण कागदांचा सगळा त्रास इथून सुरू होतो. कार्डावर पुढच्या बाजूला यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर असतो, नऊ आकडी, हाच ए नंबर. दुसरा कार्ड नंबर, तीन अक्षरं आणि पुढे दहा आकडे, तो मागच्या बाजूला. फॉर्म दोन्ही मागतो. बाबा चष्मा कपाळावर चढवून वाचत होते, मी टाइप करत होते, आणि एकाच्या जागी दुसरा गेला.

नावाचंही तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं (बायकांच्या बाबतीत नवऱ्याचं) नाव एकत्र असतं, इथल्या फॉर्मवर फर्स्ट, मिडल, लास्ट अशी तीन खोकी. सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं छापलंय अगदी तसंच भरा, घरात कुठल्या नावाने हाक मारता ते विसरा. जुळलं नाही तर डेटा मॅचिंगची (माहिती जुळत नाही अशी) नोटीस येते, कागद द्यायला साधारण ९० दिवस मिळतात, नेमकी तारीख नोटिशीवर असते. प्लॅन तोपर्यंत चालू राहतो आणि म्हणूनच लोक ती नोटीस बाजूला ठेवून देतात, मग एक दिवस सबसिडी (प्रीमियममधला सरकार भरतं तो वाटा) नाहीतर सगळं कव्हरच बंद.

उत्पन्न कमी दाखवलं की फायदा होतो, हा गैरसमज

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच जातात.

बाबांना विचारलं, उत्पन्न किती? ते म्हणाले, पेन्शन. डॉलरमध्ये धरली तर वर्षाची साधारण ९ हजार. मी भरलं. रिझल्ट आला की सबसिडी शून्य, आणि दोघांचा पूर्ण प्रीमियम बघून आई म्हणाली आपण परत जाऊया. (वयानुसार प्रीमियम वाढतो, बहुतेक राज्यांत ६४ आणि पुढच्या माणसाला २१ वर्षांच्या पोराच्या तिप्पट लावता येतो.)

झालं असं की सबसिडीसाठी उत्पन्न गरिबी रेषेच्या वर लागतं, २०२६ च्या प्लॅन्ससाठी दोन माणसांच्या घराला ही रेषा २१,१५० डॉलर. त्याच्या खाली असलेल्यांनी मेडिकेडकडे (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) जावं अशी कल्पना, पण ग्रीन कार्डवाल्याला बहुतेक ठिकाणी पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. पूर्वी अशा मधल्यामध्ये अडकलेल्यांना रेषेखाली असूनही सबसिडी मिळायची, १ जानेवारी २०२६ पासून ती सवलत काढून टाकली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या कुणा काका-काकूंचं ऐकून "काहीच उत्पन्न नाही" असं लिहू नका, ते तेव्हा चाललं.

मग रात्री जेवण झाल्यावर बाबांची ती प्लास्टिकची फाइल उघडली. एफडीचं व्याज, ते उत्पन्नात धरलंच नव्हतं कारण "त्याचा टीडीएस तिकडे कापला जातो". दोन गाळ्यांचं भाडं, ते धरलं नव्हतं कारण "ते घरपट्टी न् दुरुस्तीतच जातं". अहो पण ग्रीन कार्ड घेतल्यावर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं असतं, भारतात टॅक्स कापलेला असो नाहीतर माफ असो. एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) ठेवींचं व्याज भारतात टॅक्स फ्री, इथे नाही. भाड्यातून खर्च वजा करून सगळं मिळवलं तर आकडा २३ हजारांच्या वर गेला, म्हणजे खरं उत्पन्न लिहिल्यावर सबसिडी मिळाली. दोघांचा मिळून एका सिल्व्हर (ब्राँझच्या वरच्या पायरीच्या) प्लॅनचा प्रीमियम महिन्याला चाळीसेक डॉलरवर आला.

पण म्हणून आकडा फुगवूही नका. वर्ष संपल्यावर रिटर्नमध्ये सगळा हिशेब होतो, आणि जास्त घेतलेली सबसिडी परत करण्यावर आधी जी मर्यादा असायची ती २०२६ च्या टॅक्स वर्षापासून गेली, आता पूर्ण परत. वरच्या टोकालाही कडा आहे: २०२१ ते २०२५ वाढीव सबसिडी होती, तिची मुदत २०२५ बरोबर संपली आणि गरिबी रेषेच्या चौपट ही जुनी रेघ परत आली. चार माणसांच्या घराला २०२६ साठी १,२८,६०० डॉलर. त्याच्या वर एक डॉलर गेला तरी सबसिडी नाही.

आणि विचारतात ते येणाऱ्या वर्षाचं अंदाजे उत्पन्न, गेल्या वर्षीचं नाही. पुरावा मागितला तर पेन्शन स्लिप, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट द्या. आमचा भाडेकरार मराठीत होता, तो इंग्रजी करून जोडला.

आई-बाबा कोणाच्या रिटर्नवर?

तुम्ही त्यांना तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) दाखवत असाल तर मार्केटप्लेसवर त्यांच्यासाठी तुमच्या घराचं उत्पन्न धरतात, तुमच्या आयटीच्या पगारासकट. फॉर्मवर "आई-बाबा वेगळे, उत्पन्न कमी" आणि रिटर्नवर डिपेंडंट, असं दोन्हीकडून खाता येत नाही. ज्याचं स्वतःचं करपात्र उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या (२०२५ साठी ५,२०० डॉलर) वर आहे त्याला डिपेंडंट दाखवताच येत नाही, बाबा त्यातच बसले नाहीत, म्हणून दोघांनी मिळून जॉइंट रिटर्न भरायचं ठरलं. नवरा-बायकोने वेगवेगळं भरलं तर सहसा सबसिडी जाते. फॉर्म भरायच्या आधी सीएशी, म्हणजे इथल्या सीपीएशी, अर्धा तास बोला, फॉर्म भरून झाल्यावर नाही.

शून्य प्रीमियमचा ब्राँझ

बाबांना ब्राँझ आवडला कारण प्रीमियम शून्य. पण डिडक्टिबल हजारो डॉलरचं, म्हणजे तेवढे खिशातून गेल्यावर कंपनी हात घालणार. कमी उत्पन्नवाल्यांना, गरिबी रेषेच्या अडीचपटीपर्यंत, डिडक्टिबल आणि कोपे (दर वेळी डॉक्टरकडे आपण भरायची रक्कम) कमी करून मिळतात, पण फक्त सिल्व्हर घेतला तरच. बाबांची शुगर, आईचा थायरॉइड, गुडघे, हे सगळं धरलं तर चाळीस डॉलरचा सिल्व्हरच स्वस्त पडला. प्लॅन बघताना प्रीमियमवर सॉर्ट करू नका, आधी औषधांची नावं टाका.

डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का हे वेबसाइटच्या यादीवरून ठरवू नका. क्लिनिकला फोन करा आणि इन्शुरन्स कंपनीचं नाही, प्लॅनचं पूर्ण नाव सांगा, कारण कंपनीचे ऑफिसवाले प्लॅन घेणारा डॉक्टर मार्केटप्लेसवाला घेईलच असं नाही. मी पहिल्या दोन क्लिनिकमध्ये कंपनीचं नाव सांगितलं, दोघींनी हो म्हटलं. प्लॅनचं नाव सांगितल्यावर एकीचं नाही झालं.

नोकरी गेलेल्यांसाठी दोन ओळी

कंपनीचं कव्हर गेलं की इथेही ६० दिवस. एच-१बी (वर्क व्हिसा) वाल्याला दुसरी नोकरी शोधायलाही ६० दिवसच, त्यामुळे इन्शुरन्स मागे पडतो. कोब्रा (जुन्या कंपनीचंच कव्हर स्वतःच्या पैशांनी चालू ठेवणं) घेतला आणि ६० दिवस उलटल्यावर महाग पडतो म्हणून मध्येच सोडला तर मार्केटप्लेसला ओपन एनरोलमेंटपर्यंत जाता येत नाही, तेव्हा काय ते आधीच ठरवा. आणि १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी, एल-१ वगैरेंना सबसिडी बंद होतेय, पूर्ण भावाने प्लॅन घेता येईल. ग्रीन कार्डवाल्यांची राहतेय.

एनरोल्ड दिसलं म्हणजे झालं?

नाही. स्क्रीनवर हिरवी टिक आली, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. पहिला हप्ता इन्शुरन्स कंपनीला थेट भरल्याशिवाय कव्हर सुरूच होत नाही, आणि तो मार्केटप्लेसच्या साइटला नाही, कंपनीला. कंपनीचं पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलं होतं, आईने त्यावर मेथी निवडायला घेतली म्हणून सापडलं, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी.

जानेवारीअखेर-फेब्रुवारीत १०९५-ए नावाचा फॉर्म येतो, तो बाबांच्या फाइलीत नाही, सीपीएकडे जायला हवा. त्याच्यावरून रिटर्नबरोबरचा ८९६२ नंबरचा फॉर्म भरतात. तो हिशेब दिला नाही तर पुढची सबसिडी अडकते.

शेवटचं. हिवाळा आला की आई-बाबांना सांगलीचे वेध लागतात, तीन-चार महिने. तेव्हा पहिला प्रश्न असतो की मग इथला प्रीमियम कशाला भरायचा? भारतातला खर्च हा प्लॅन बहुधा देत नाही हे खरंय. पण हप्ते थांबवले तर सबसिडीवाल्याला थकलेले हप्ते भरायला तीन महिन्यांची मुदत मिळते आणि नंतर पॉलिसी पहिल्या थकलेल्या महिन्याच्या शेवटापासून बंद झाली असं धरतात, हप्ता न भरल्यामुळे बंद झालेल्याला ६० दिवसांची खिडकी मिळत नाही, आणि फिरून परत आलो हे "अमेरिकेत राहायला आलो" यात बसत नाही. तिकीट काढायच्या आधी ऑटोपे लावा, आणि ज्या कार्डावर लावलाय त्याची एक्स्पायरी बघून ठेवा.