इंजिन बदलायचं की मूळ रूपात आणायची? जुन्या पद्मिनीच्या मालकांनो, या चुका टाळा

"दादा, गाडी चढ घेत नाही, गरम होते, मिसिंग मारते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं, ११८ एनई गाडीचं टाकून देतो. टाकू का?"

दर उन्हाळ्यात असा एखादा तरी फोन येतोच. यंदाचा फोन सांगलीचा होता. वडिलांची प्रीमियर पद्मिनी, पाच वर्षं शेडमध्ये पडून असलेली. मुलगा हौशी, मेकॅनिक घाईत. 'इंजिन बदलू की रिस्टोअर करू' या प्रश्नात दोनच रस्ते आहेत असं तो धरून चालला होता. तिसरा रस्ता असतो आणि तो सगळ्यात स्वस्त असतो: गाडीला नेमकं काय झालंय ते शोधून तेवढंच दुरुस्त करायचं. पण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं, म्हणून तो कुणाला सुचत नाही.

मी व्यवसायानं मेकॅनिक नाही. स्वतःची एक पद्मिनी पंधरा वर्षं सांभाळतोय आणि ओळखीतल्या सात-आठ गाड्यांच्या भानगडी जवळून पाहिल्यात. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात.

न तपासताच 'इंजिन बसलं' म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ताकद फार नाही, पण रचना इतकी सरळ की उद्यमनगरातला जुना मिस्त्री डोळे मिटून उघडेल. असं इंजिन एका दिवसात मरत नाही. जे एका दिवसात बिघडतं ते बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेरचं असतं: पेट्रोल, करंट नाहीतर पाणी.

माझीच गोष्ट सांगतो. मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी तीनदा बंद पडली. थांबायचं, बॉनेट उघडायचं, इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, वीस मिनिटांनी सेल्फ मारायचा, की चालू. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. एका गॅरेजात निकाल मिळाला: "रिंगा गेल्यात, फुल इंजिन करावं लागेल." मी ॲडव्हान्सही देऊन बसलो होतो. नंतर कळलं की टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी पाइप आतून सोलून निघाला होता. पंपानं ओढलं की आतला पापुद्रा मिटायचा आणि पेट्रोल अडायचं. त्यात उन्हानं पाइपात वाफ धरायची. पाऊण फूट पाइप आणि दोन क्लिपा, एवढंच काम. ॲडव्हान्स काही परत मिळाला नाही.

आताच्या पेट्रोलमुळे हा त्रास वाढलाय. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही: पाइप फुगतात, पंपाचं डायफ्रॅम कडक होतं. पाच-पाच वर्षं पडून असलेल्या टाकीतला गाळही ते सोडवून फिल्टरात आणून घालतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), तेही गाडी 'ओढत नाही' असं वाटायला लावतं. यातल्या कशालाच इंजिन बदलणं हे औषध नाही.

म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, प्लगच्या एकेका भोकात गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि चारही आकडे कागदावर लिहा. एकूण आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती, हे महत्त्वाचं. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा-पिस्टनकडे बघा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्हकडे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील आणि ऑइल टाकूनही हलत नसतील, तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता दाट.

धुरावरूनही बरंच कळतं. बराच वेळ आयडलिंगवर उभी राहून निघताना निळा धूर सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. चढावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, इंजिनाला नावं ठेवू नका. गरम होत असेल तर रेडिएटर किती वर्षांत रॉडिंग केलेला (नळ्या सळईनं साफ केलेला) नाही ते आठवा आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांचा तो कुणीतरी कधीच काढून फेकलेला असतो.

एवढं सगळं करून इंजिन खरंच झिजलेलं निघालं, तरी ब्लॉक शाबूत असेल तर रिबोर होतो (सिलिंडर थोडे मोठे कातून मोठे पिस्टन बसतात), क्रँक ग्राइंड होतो. ब्लॉक आधी किती वेळा रिबोर झालाय ते पिस्टनच्या माथ्यावरच्या ओव्हरसाइझच्या आकड्यावरून कळतं. शेवटचा ओव्हरसाइझ होऊन गेला असेल तर लायनर, म्हणजे सिलिंडरात नवी नळी, टाकून मूळ मापावर येता येतं. इंजिन 'गेलं' असं मी फक्त ब्लॉक फुटला असेल तेव्हाच म्हणतो.

पत्र्याकडे शेवटी बघणं

पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११००. तिथे १९५३ मध्ये आलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. हे न कळल्यानं दोन्ही बाजूंचे लोक फसतात. रिस्टोअर करणारा आधी रंग निवडतो, इंजिन बदलणारा आधी इंजिन घेऊन येतो. आणि गाडी लिफ्टवर चढवली की कळतं, दाराखालचा पत्रा आतून सडलाय, मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे नुसता रंग आणि लांबी (पुट्टी) उरलीय.

एक साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळा आणि दाराखालच्या पट्टीवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग आतलं मॅटिंग उचला. पायाखालचा पत्रा अंगठ्यानं दाबा. दबला तर पुढचा सगळा हिशोब बदलतो. पत्रा आणि रंगाचं काम माझ्या अनुभवात इंजिनकामाच्या दुपटीहून कमी कधीच पडलेलं नाही. अशा बॉडीत जास्त ताकदीचं इंजिन टाकणं म्हणजे भेगाळलेल्या भिंतीला नवा झोपाळा टांगणं.

इंजिन स्वतंत्र वस्तू समजणं

समजा, तरीही बदलायचंच ठरलं. लोकांच्या तोंडी तीन नावं येतात. पहिलं ११८ एनईचं. निसानच्या रचनेचं, ११७१ सीसीचं, घरचंच म्हणावं असं, कारण ती गाडीही प्रीमियरचीच. दुसरं जिप्सीचं १२९८ सीसी. तिसरं एस्टीमचं, 'कारण मित्राकडे पडून आहे'. हे तिसरं तिथेच सोडा. एस्टीम पुढच्या चाकांनी ओढणारी, तिचं इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीला. पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलली जाते, तिला उभं इंजिन आणि त्यामागे सरळ रेषेत गिअरबॉक्स लागतो. फुकट मिळालेलं इंजिन सगळ्यात महाग पडतं ते असं.

उभं इंजिन मिळालं तरी ते एकटं येत नाही. त्याचा संप, म्हणजे खालचा ऑइलचा डबा, पुढच्या क्रॉसमेंबरला आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना अडतो. इंजिन टेकतं त्या फाउंडेशनच्या जागा बदलतात, म्हणजे बॉडीवर वेल्डिंग आलं. प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून बॅलन्स करावा लागतो. नाही केला तर साठच्या वर गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. स्टिअरिंगवरचे गिअर जातात, मधल्या बोगद्याला भोक पडतं, आणि पुढच्या अखंड सीटवर तिघांनी बसायची मजा संपते. (हे शेवटचं ज्याला क्षुल्लक वाटतं त्यानं पद्मिनी का घेतली, हे मला कळत नाही.) एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरचं इंजिन असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळं वायरिंग आणि साधारण तीन बारचा दाब देणारा इलेक्ट्रिक पंप लागतो, टाकीकडे परतीचा पाइपही लागतो. गाडीचा मूळ पंप त्याच्या दशांश दाब देतो.

मग येतात ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीला ते पुरतात, तेही वेळच्या वेळी ॲडजस्ट केलेले असतील तर. जिप्सीचं इंजिन ऐंशीच्या घरातलं. घाट चढताना मजा येईल, उतरायचाही तोच घाट आहे. मग डिस्क बसवा, मग स्टब ॲक्सल बदला, मग मागचं हौसिंग. गॅरेजवाला 'इंजिनाचे इतके' सांगतो तेव्हा यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

आरटीओ नंतर बघू

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठासून सांगितलं. एकेकाळी पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवणं सर्रास चालायचं, त्या जिवावर आज कुणी 'होऊन जातं' म्हणत असेल तर त्याला विचारा, पुढच्या पासिंगला तू येणार आहेस का? पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते आणि तेव्हा इंजिन नंबर बघितला जातो. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी तोच बघते.

त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकायचं असेल, म्हणजे पद्मिनीत पद्मिनीचंच, तर गोष्ट वेगळी. तरीही आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर, आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. भंगारातून इंजिन घेताना बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदं घ्या. नंबर घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी नको. इंधन बदलणाऱ्या मंजूर किटला कायद्यात जागा आहे, सीएनजी असो की इलेक्ट्रिक. पण किट एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं हवं, कोपऱ्यावरच्या वेल्डरनं नव्हे.

आता खरी मेख. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनं आणि दुरुस्ती-पेट्रोलपुरतीच.

'पद्मिनी' हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळालं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली, त्याआधीच्या डिलाइट तर केव्हाच. माझ्या एका मित्राची १९७३ ची गाडी. दहा वर्षांपूर्वी त्यानं ११८ एनईचं इंजिन टाकलं आणि मूळ इंजिन भंगारवाल्याला किलोवर दिलं. आता त्याला व्हिंटेज नोंदणी हवीय, आणि नियमाचं वाक्यच आडवं येतंय. तो तेव्हाच्या नंबरचं इंजिन अजून शोधतोय. तेव्हा काहीही करा, निघालेलं इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, अगदी एअर फिल्टरचा डबासुद्धा विकू नका. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, भोकं बंद करा आणि लाकडी फळीवर ठेवून द्या.

तुमची गाडी नव्वदच्या दशकातली असेल तर हा मुद्दा दीड-दोन दशकं लांब आहे. तिला रोज चालवायची असेल तर मूळपणाचा फार बाऊ मीही करणार नाही.

रिस्टोअर करणाऱ्यांच्या चुका

यात थोडक्यात आटोपतो, कारण चूक बहुतेक एकच: सगळी गाडी एकदम उघडणं. शनिवारी उत्साहात बीडिंग, काचा, डॅशबोर्ड, सगळं निघतं. दिवाळीपर्यंत कोणता स्क्रू कुठला ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मग अर्धी गाडी 'प्रोजेक्ट' म्हणून विकायला निघते. एका वेळी एकच भाग उघडा, आधी फोटो काढा, पिशव्यांवर नावं लिहा. क्रम ब्रेक, स्टिअरिंग, पत्रा, वायरिंग, इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. रंग आधी करणाऱ्याची गाडी दोनदा रंगते.

स्पेअर्सचंही आताच बघा. इतकी वर्षं यांत्रिक सामान सहज मिळायचं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत गेलात तर वॉटर पंप किट, क्लचप्लेट, व्हील सिलिंडरची रबरं, गॅस्केट सेट घेऊन ठेवा. काच वर-खाली करायच्या दांड्या आणि मूळ निकेलचं सामान मिळालं तर भाव करत बसू नका.

सांगलीच्या त्या मुलाला मी गेज घेऊन कॉम्प्रेशन मोजायला लावलं. आकडे आले १२०, ७४, ७२, ११६. दोन आणि तीन नंबर, शेजारीशेजारी, ऑइल टाकून जागचे हलले नाहीत. हेड उतरवलं तर गॅस्केट दोघांच्या मध्ये बोटभर जळालेलं. हेडचा पृष्ठभाग घासून सपाट केला, नवं गॅस्केट टाकलं, रेडिएटर रॉडिंगला दिला, रबरी पाइप सगळे बदलले. पुढच्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला: आयडलिंगवर बॉनेटवर उभा ठेवलेला एक रुपया. पडत होता, पण दोन-तीन सेकंद टिकून. मागे वडिलांचा आवाज येत होता, "चोक आत ढकल आता."