जिंजाचा फोर्क चार वर्षं सांभाळताना

मी जिंजा (टेम्प्लेट म्हणजे साच्यात माहिती भरून मजकूर तयार करणारी पायथनची लायब्ररी) फोर्क केलं, म्हणजे त्याच्या कोडची स्वतःची वेगळी प्रत सांभाळू लागलो, ते एका चिन्हापायी. टॅगच्या, म्हणजे टेम्प्लेटमधल्या सूचनेच्या, सुरुवातीला {%- असं वजाचिन्ह दिलं की ते आधीची सगळी मोकळी जागा खातं, ओळींसकट. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये त्यामुळे पत्त्याच्या चार ओळी एकमेकींना चिकटायच्या. ट्विग या पीएचपीच्या तशाच लायब्ररीत यासाठी ~ आहे, ते स्पेस आणि टॅब काढतं पण ओळी वेगळ्याच ठेवतं. मला जिंजात तेच हवं होतं, आणि लेक्सरला (टेम्प्लेटचा मजकूर तुकड्यांत तोडणाऱ्या कोडला) हात लावल्याशिवाय ते होणार नव्हतं.

फोर्क करण्याआधी खरंच दुसरा मार्ग नाही ना, हे तपासा. फिल्टर, एक्स्टेन्शन, एन्व्हायरन्मेंटचा फायनलाइझ पर्याय, अनडिफाइन्डचा स्वतःचा उपवर्ग यांतच बरंच काही भागतं. माझे सुरुवातीला पाच पॅच (मूळ कोडमधले बदल) होते, त्यातले तीन असेच बाहेर काढता आले.

गिटमध्ये मेन शाखा मूळ प्रकल्पाची हुबेहूब प्रत म्हणून ठेवा, तिच्यावर स्वतःचा एकही कमिट (नोंदवलेला बदल) नको. आपले बदल वेगळ्या शाखेवर, मूळच्या रिलीज टॅगवर (आवृत्तीला गिटमध्ये लावलेल्या खुणेवर) रचलेले. एक बदल म्हणजे एक कमिट. त्याची टेस्ट त्यातच, आणि तो का केला हे संदेशात लिहिलेलं. नवा रिलीज आला की जुन्या शाखेला टॅग लावून ठेवायचा आणि मग ‘गिट रिबेस --ऑन्टो’ने आपले कमिट जुन्या टॅगवरून उचलून नव्यावर बसवायचे. ‘रेरेरे’ आधीच चालू करून ठेवा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (आपल्या आणि मूळच्या बदलांची टक्कर) गिट लक्षात ठेवतं. रिबेसनंतर ‘रेंज-डिफ’ (जुने आणि नवे कमिट ताडून फरक दाखवणारी आज्ञा) मात्र चुकवू नका. टेस्ट पास झाल्या तरी पॅच नकळत बदललेला असू शकतो, आणि ते तिथेच दिसतं. मूळ कोडचं फॉरमॅटिंगही बदलू नका. मी एकदा सगळ्या फाइलींवर फॉरमॅटर चालवला आणि पुढच्या रिबेसला कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात तीन दिवस गेले.

सगळ्यात जास्त छळलं ते बाइटकोड कॅशेने. मी ~ मधली एक चूक दुरुस्त केली, टेस्ट हिरव्या, पण सर्व्हरवर काही ईमेल अजून जुन्याच पद्धतीने निघत होते. ज्या टेम्प्लेटमध्ये मी एखादी जागा तरी बदलली होती, ती बरोबर यायची; न शिवलेली चुकीची. कारण असं, की जिंजा टेम्प्लेट कंपाइल करून कॅशेत ठेवतं आणि ती नोंद शिळी आहे का हे टेम्प्लेटच्या मजकुराच्या चेकसमवरून (मजकुरावरून काढलेल्या ठशावरून), तसंच कॅशेच्या आणि पायथनच्या आवृत्तीवरून ठरवतं. लेक्सर बदलला, हे यातल्या कशातच उमटत नाही. म्हणून लेक्सर, पार्सर किंवा कंपायलरला हात लावलात, तर बीसीकॅशे फाइलमधला आवृत्तीचा आकडा स्वतःचा करा आणि अशा प्रत्येक बदलाबरोबर तो वाढवा.

पॅकेजचं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं नाव जिंजा२ हेच राहिलं, तर आणखी एक अडचण येते. दुसऱ्या कुठल्या लायब्ररीने मूळ जिंजा ओढून आणलं की दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरतात आणि जे नंतर येतं ते आधीच्या फाइली पुसतं. त्यातलं एक अनइन्स्टॉल केलं की दुसरंही मोडतं. म्हणून मी सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक छोटी टेस्ट ठेवली आहे: ~ असलेलं टेम्प्लेट चालतं का, म्हणजे माझाच फोर्क बसला आहे का, एवढंच ती बघते.

सुरक्षेच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. नाव बदललं की सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारे बहुतेक स्कॅनर तुमचं पॅकेज ओळखतच नाहीत, त्यामुळे इशारेही येत नाहीत. २०२४ मध्ये जिंजाच्या एक्सएमएलअ‍ॅटर फिल्टरमध्ये दोनदा छिद्र सापडलं, पहिलं ३.१.३ मध्ये बुजवलं, दुसरं ३.१.४ मध्ये. फोर्कवाल्याला ते स्वतः जाऊन बघावं लागतं. मूळ प्रकल्पाच्या रिलीजच्या सूचना ईमेलवर चालू करा आणि सुरक्षेचा रिलीज त्याच दिवशी घ्या, बाकीचं काम थांबलं तरी चालेल.

लायसन्स बीएसडी-३ आहे. कॉपीराइटची नोंद तशीच ठेवा आणि मूळ लेखकांच्या नावाने फोर्कची जाहिरात करू नका.

माझ्या शाखेवर आता दोन पॅच आणि एक आकडा आहे. ~ चा पॅच मी दर रिलीजला हाताने वाचतो. दुसरा एरर मेसेजचा आहे, आणि तो मूळ प्रकल्पाला पाठवण्यासाठी त्याच्या टेस्ट मी सध्या लिहितो आहे.