पिल्लू घरात घाण करतंय? कोकणातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

पिल्लाला बाहेर शी-शू करायला शिकवायचं, तर आधी घर कुठे संपतं ते त्याला कळायला हवं. फ्लॅटमध्ये हे सोपं असतं, दाराबाहेर जिना. आपल्याकडे माजघर, ओटी, पडवी, पुढे खळं, आणि दारं दिवसभर सताड उघडी. पडवी शेणाने सारवलेली असेल तर पिल्लाच्या पायाला ती नि अंगण एकच. पिल्लं जागा लक्षात ठेवतात ती वासाने आणि पायाखालच्या स्पर्शाने. म्हणून आणल्या दिवसापासून अख्खं घर मोकळं देणं ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या निम्म्या तक्रारी तिच्यातूनच निघतात.

पहिले काही आठवडे त्याला पडवीचा एक कोपरा द्या. दोन फळ्या आडव्या लावा, आत गोणपाट टाका. झोपायच्या जागी घाण करणं पिल्लं शक्यतो टाळतात. पण तासन् तास दाव्याला बांधून ठेवलंत तर नाइलाजाने तिथेच करतील, आणि ती सवय मोडायला फार जड जाते. पायपुसणी मात्र उचलून ठेवा. मऊ आणि ओलं शोषणारं काहीही दिसलं की पिल्लू आधी तिथेच बसतं.

वेळ चुकते ती आपली

दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास कळ काढतं, खेळत असेल तर त्याहूनही कमी. ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत आणि खेळ थांबल्यावर त्याला बाहेर न्यायचंच. रात्रीही एकदा-दोनदा उठावं लागतं. तेव्हा बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात उतरू नका, पावसाळ्यात पायाखाली फुरसं असू शकतं.

खेळता खेळता ते मध्येच थांबलं, नाक जमिनीला लावून गोल फिरू लागलं की समजा वेळ झाली. तेव्हा “अरे मेल्या!” म्हणून ओरडण्यापेक्षा उचला आणि बाहेर ठेवा. घाण करून झाल्यावर रागावणं तर फुकटच. नाक त्यात घासलं की शिकतं, असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पिल्लू शिकतं ते एवढंच, की माणसासमोर करायचं नाही. मग ते कणगीमागे जाऊन करतं आणि बाहेर नेलं तर तुमच्याकडे बघत नुसतं उभं राहतं.

पाऊस

खरी परीक्षा मिरगानंतर. पिल्लू पागोळ्यांपर्यंत येतं, एक पाय वर धरून उभं राहतं, अंगावर शिंतोडा उडाला की वळून आत पळतं. घरचे त्याला बाहेर ढकलतात आणि दार लावतात. ते भिंतीला चिकटून रडत राहतं, आत घेतल्यावर दोन मिनिटांत ओटीवर शू. यात पिल्लाचा काय दोष?

पाऊस लागण्याआधी खळ्याच्या कडेला झापांचा किंवा पत्र्याचा छोटा आडोसा करा. खाली वाळू टाका, पाणी साचणार नाही असा उतार ठेवा. घरात शू पुसलेलं फडकं पहिले काही दिवस तिथेच ठेवा, वासाने जागा कळते. छत्री घेऊन स्वतः सोबत उभे राहा. झालं की तोंडभर कौतुक करा आणि लगेच आत या. पावसात आत येणं हेच त्याचं बक्षीस. उघडीप असताना मात्र उलटं करा, झाल्यावर दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर शू केली की फेरी संपते हे त्याच्या ध्यानात येतं आणि ते मुद्दाम लांबवतं.

हा आडोसा आपल्याच आवारात, भटकी कुत्री येणार नाहीत असा हवा. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्यावरची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत बूस्टर द्यावे लागतात. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) लसीचंही पशुवैद्यांना विचारून घ्या. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो, म्हणून मळ्यातल्या डबक्यांपासून पिल्लाला लांब ठेवा. आजारी कुत्र्याच्या शूमधून माणसालाही होतो, तेव्हा घाण उघड्या हाताने काढू नये.

फिनेल ओतून भागत नाही. आपल्या नाकाला वास गेला तरी पिल्लाच्या नाकाला जात नाही, शिवाय ओल्या फिनेलवरून चालून ते पंजे चाटतं. फरशीवर एन्झाइमचा, म्हणजे वास मुळापासून मोडणारा, क्लीनर वापरा. अमोनिया असलेली द्रव्यं नकोत, त्यांचा वास शूसारखाच येतो. सारवलेल्या जमिनीवर तेवढी माती खरवडून काढा, नवी भरा, सारवा आणि वाळेपर्यंत पिल्लाला तिकडे फिरकू देऊ नका.

चतुर्थीला चाकरमानी आले की घडी विस्कटते. पाहुणे वाकून लाड करतात आणि पिल्लू जागच्या जागी शू सोडतं. ही आनंदाची किंवा भीतीची शू. रागावलात तर वाढेल. पाहुण्यांना सांगा, आल्या आल्या त्याच्याकडे बघूच नका. वयाबरोबर ती बहुधा जाते.

नीट शिकलेलं पिल्लू अचानक घरात करू लागलं, थेंब थेंब होत असेल किंवा रक्त दिसलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, लघवीचा संसर्ग असू शकतो. आणि सहा महिन्यांच्या पुढचा नर तुळशीवृंदावनावर तंगडी वर करू लागला, तर तो हद्द आखतोय, त्याचं शिकवणं वाया गेलेलं नाही. वृंदावन धुवून काढा, काही दिवस भोवती कुड घाला आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. बऱ्याच कुत्र्यांत ही खोड त्याने कमी होते.